दोनदा आंबलेलं गवत

गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. म्हशीलाही नसतात, शेळी-मेंढीलाही नाहीत. आपण जन्मभर दूध पितो, शाळेत गाईवर निबंध लिहितो, चार पाय, दोन शिंगं आणि एक शेपूट इतपत शरीरशास्त्र तोंडपाठ करतो. दातांचं मात्र कुणी सांगत नाही. चिरनेरच्या गोठ्यात ते आमच्याबरोबरच्या सात वर्षांच्या मुलीनं टिपलं. गव्हाणीतून पेंढा ओढणाऱ्या म्हशीच्या तोंडाकडे ती टक लावून बघत होती आणि एकदम म्हणाली, "हिचे वरचे दात पडलेत!" तिचे स्वतःचे दोन नुकतेच पडले असल्यामुळे या विषयावर तिचं बारीक लक्ष होतं.

पडलेले नाहीत, येतच नाहीत. त्या जागी जाड, चिवट हिरडी असते. जिभेनं गवताची जुडी तोंडात ओढायची, खालचे आठ दात हिरडीवर दाबायचे आणि मानेला हिसका द्यायचा, की गवत तुटतं. दाढा आहेत, वर-खाली दोन्हीकडे आहेत, पण त्यांची पाळी नंतर. पहिल्या फेरीत गाय जेवत नसते, नुसता माल भरत असते.

चिरनेर हे उरण तालुक्यातलं गाव. पनवेलहून येताना बंदराकडे निघालेले कंटेनरचे ट्रेलर आधी लागतात, मग हळूहळू भातशेती आणि मागे अक्कादेवीचा डोंगर. महागणपतीच्या देवळासाठी लोक इथे येतात. गोठा बघायला मुद्दाम कुणी येत नाही, आणि माझ्या मते यावं. मुलांना दूध पिशवीतून येतं असं वाटतं, हा विनोद आता जुना झाला. गाय दूध देते हे मुलांना ठाऊक असतं. हिरवं, चोथ्यासारखं गवत आत जाऊन तिथे त्याचं दूध कसं होतं, हे मात्र त्यांच्या आईवडिलांनाही ठाऊक नसतं. त्याचं उत्तर एका वाक्यात द्यायचं तर असं: गवत आंबतं. आधी गाईच्या पोटात आंबतं, मग आपल्या भांड्यात. या दोन आंबण्यांच्या मधला जो थोडा वेळ, त्याला आपण दूध म्हणतो.

गोठ्यातल्या काकींनी मुलांना एक गंमत करायला लावली. म्हैस शांत उभी असताना तिच्या डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात, मूठ दाबून धरायची आणि वाट बघायची. मुलं आधी घाबरली, मग रांग लागली. थोड्या वेळानं आतून काहीतरी फुगत येतं आणि मूठ अलगद बाहेर ढकलली जाते. पुन्हा ओसरतं. मिनिटाला एक-दोनदा हे होतं. जनावर आजारी आहे का हे बघायला गुरांचे डॉक्टरही हेच करतात. पोट हलत नसेल तर काहीतरी बिघडलंय.

आत जे हलतं ते रूमेन, चार कप्प्यांपैकी पहिला आणि सगळ्यात मोठा. अंगानं मोठ्या संकरित गाईच्या रूमेनमध्ये शंभर लिटरच्या वर माल मावतो. तिथे उजेड नाही, प्राणवायू जवळजवळ नाही, उष्णता ३९ अंशांच्या आसपास, आणि सगळं सतत ढवळलं जातंय. इडलीचं पीठ उबेला ठेवल्यावर रात्रभरात त्याचं जे होतं, तेच इथे गवताचं होतं, फक्त कधीही न थांबता. त्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. शिवाय एकपेशीय प्राणी, शिवाय बुरशी.

एवढ्या गर्दीची गरज का, तर गवत पचवणं गाईला जमतच नाही. गवताचा सांगाडा सेल्युलोजचा. साखरेचेच कण एकमेकांना साखळीनं जोडलेले, पण ती साखळी तोडणारं पाचकद्रव्य कोणताच सस्तन प्राणी बनवत नाही. माणूस नाही, घोडा नाही, गायही नाही. जिवाणू बनवतात. ते साखळी तोडतात, मिळालेल्या साखरेवर स्वतः जगतात आणि उरलेलं टाकून देतात. हे टाकलेलं म्हणजे आम्लं: व्हिनेगरमध्ये असतं ते असेटिक, दुसरं प्रोपिऑनिक, तिसरं ब्युटिरिक, ज्याचा वास खवट लोण्याला येतो. ही आम्लं रूमेनच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात आणि गाय त्यांच्यावर जगते. तिच्या आतड्यातून साखर जवळजवळ शोषली जातच नाही. दुधात जी गोडी आहे ती लॅक्टोजची, आणि त्यासाठी लागणारी साखर गाईचं यकृत मुख्यतः प्रोपिऑनिक आम्लापासून नव्यानं घडवतं. असेटिक आम्लापासून कासेत स्निग्धांश तयार होतो. आपण कौतुकानं काढतो त्या जाड सायीतला बराचसा भाग एका अर्थी व्हिनेगरपासून झालेला असतो.

हे सगळं एका घासात होत नाही, म्हणून रवंथ. पोट भरलं की जनावर बसतं आणि गिळलेला माल थोडा थोडा परत तोंडात आणतं. मानेच्या खालच्या बाजूला नीट बघितलं तर गोळा वर चढताना दिसतो. मग पन्नासेक वेळा चावणं, मग गिळणं, दोन-तीन सेकंदांची सुट्टी, आणि पुढचा गोळा. मुलांना मोजायला सांगा. अर्धा तास त्यांच्याकडे बघावं लागत नाही. दिवसातले सहा ते आठ तास गाय हेच करते आणि त्यात शंभर लिटरहून जास्त लाळ गाळते. लाळेत खायचा सोडा असतो, तोच आपल्या डब्यातला. एवढी आम्लं तयार होत असताना पोटाची भट्टी बिघडू नये म्हणून हा सोडा अखंड आत सोडला जातो.

आणि आता थोडा धक्का. आंबलेला रस पुढच्या कप्प्यांत सरकतो तेव्हा त्याच्याबरोबर जिवाणूही वाहत जातात. चौथ्या कप्प्यात, जो आपल्या जठरासारखं काम करतो, तिथे ते मारले जातात आणि पचवले जातात. गाईला लागणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा या जिवाणूंकडून येतो. सात्त्विकतेचा पुतळा मानली गेलेली गाय रोज अब्जावधी जीव पाळते आणि रोज खाते. जिवाणूंचं कवच फोडायला तिच्या जठरात लायसोझाइम नावाचं द्रव्य असतं. आपल्या डोळ्यांतल्या पाण्यातही ते आहे, डोळ्यांच्या रक्षणासाठी. गाईनं त्याला पोटातल्या आम्लात टिकेल असं बदलून पचनाच्या कामाला लावलं.

यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट गोठ्यात नाही, बाहेर झाडावर आहे. इथून जवळच कर्नाळ्याच्या रानात काळ्या तोंडाची वानरं दिसतात. लाल तोंडाच्या माकडासारखं वानर फळांमागे फारसं लागत नाही, जाड, जून पानंही ते आरामात खातं. त्यालाही जठराआधी आंबवण्याचे कप्पे आहेत. १९८७ मध्ये कॅरो-बेथ स्टुअर्ट, जेम्स शिलिंग आणि अॅलन विल्सन या शास्त्रज्ञांनी वानराचं आणि गाईचं लायसोझाइम शेजारी शेजारी ठेवून तपासलं. वानर हे माणसाच्या कुळातलं. त्याचं द्रव्य माणसासारखं असायला हवं. पण काही नेमक्या जागी ते गाईसारखं निघालं. दोघांनी एकमेकांकडून काही घेतलेलं नाही. कोट्यवधी वर्षं वेगवेगळ्या वाटांनी चालत दोन्ही कुळं एकाच युक्तीपाशी पोचली. गोठ्यातली म्हैस आणि पिंपळावरचं वानर पोटानं भाऊबंद आहेत, हे मुलांना सांगून बघा. आमच्यातल्या एकानं ताबडतोब विचारलं, "मग वानराचं दूध का नाही काढत?" यावर काकी जे हसल्या, त्यानं म्हैसही वळून बघायला लागली.

गवताची गोष्ट चिरनेरला काढली की १९३० टाळता येत नाही. त्या वर्षी महाराष्ट्रभर जंगल सत्याग्रह झाले. १९२७ च्या वनकायद्यानं राखीव रानात गुरं चारणं, लाकूड तोडणं, चारा कापणं सरकारच्या मर्जीवर गेलं होतं. १० जुलै १९३० ला पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलात जाऊन गवत कापलं आणि अटक करून घेतली. मीठ उचलणं हा गुन्हा होता हे आपल्याला पाठ आहे. गवत कापणं हाही होता, हे लक्षात राहत नाही. चिरनेर तेव्हा पनवेल तालुक्यात मोडत होतं. २५ सप्टेंबर १९३० ला आसपासच्या गावांतले शेतकरी, आगरी, कातकरी आणि इतर लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या रानात शिरले. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. मामलेदार जोशी यांचाही त्या दिवशी मृत्यू झाला. गावात हुतात्म्यांचं स्मारक आहे आणि दरवर्षी २५ सप्टेंबरला स्मृतिदिन पाळला जातो. ज्यांच्या दारात गुरं बांधलेली होती त्यांच्यासाठी रान म्हणजे वैरणीचं कोठार होतं. रूमेन रिकामं ठेवता येत नाही. आतली वस्ती दोन दिवस उपाशी राहिली तरी जनावर ढासळतं. कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक नसावं, किंवा असूनही फरक पडत नसावा.

कोकणात चाऱ्याचा प्रश्न आजही वेगळाच आहे. इथे पाऊस धो धो, गवत कमरेएवढं वाढतं, पण दिवाळीनंतर सगळं वाळतं. मग भाताचा पेंढा. पेंढ्यात सिलिका भरपूर आणि प्रथिनं जेमतेम, त्यामुळे जिवाणूंनाही तो फारसा आवडत नाही. दुभत्या जनावराला वर पेंड, कोंडा, भुसा घालून आंबोण द्यावं लागतं. घाटावरची मोठी गाय इथे आणून बांधली तर दमट उकाड्यानं हैराण होते. इथली मूळची गाय लहानखुरी, काटक, दूध कमी देणारी. 'कोकण कपिला' या नावानं तिची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली आहे. गोठ्यात मुलांनी आणखी एक गोष्ट शोधली: प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला आणि त्यावर बारा आकडे. आधार कार्डावरही बाराच. मुलांनी पाठोपाठ सगळ्यांचे नंबर वाचून काढले.

संध्याकाळची धार. हा प्रवेश गंभीर, आणि मुलांना गप्प बसवायला इथे खरंखुरं कारण सापडतं.

धार काढायला बसलं म्हणून दूध येत नाही. कासेत ते बारीक बारीक पिशव्यांत अडकून असतं. वासरानं ढुशी दिली, सड तोंडात घेतला, किंवा कोमट पाण्याच्या हातानं कास धुतली, की गाईच्या मेंदूखालच्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं आणि मिनिटाभरात त्या पिशव्या आवळल्या जातात. गाय पान्हावली. काकी रेडकाला आधी सोडतात, ते चार घोट पितं, मग त्याला ओढून आईच्या तोंडापाशी बांधतात. बिचारं समोर बघत राहतं आणि म्हैस त्याला चाटत राहते. यानंतर पाच-सात मिनिटं काय ती मिळतात, तेवढ्यात चरवी भरायची. मधेच कुणी किंचाळलं, कुत्रं भुंकलं, अनोळखी माणूस अंगावर आला, तर भीतीचं अॅड्रेनॅलिन ऑक्सिटोसिनला रोखतं आणि म्हैस पान्हा चोरते. हे ऐकल्यावर आमच्या टोळीत जी शांतता पसरली ती मी घरी कधी अनुभवलेली नाही.

पहिली धार रिकाम्या चरवीच्या तळावर आपटते तेव्हा तिचा टणक आवाज येतो. दूध चढत जातं तसा आवाज जाड होतो, वर फेस येतो. एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून चारशे ते पाचशे लिटर रक्त फिरावं लागतं. दहा लिटर देणाऱ्या गाईच्या कासेतून दिवसाकाठी चार-पाच हजार लिटर. हिरवं गवत, लाल रक्त आणि शेवटी पांढरं दूध. तो पांढरा मुळात रंग नाहीच. दुधात केसिन या प्रथिनाचे सूक्ष्म गोळे आणि स्निग्धांशाचे थेंब तरंगत असतात, ते सगळ्या रंगांचा उजेड सारखाच विखुरतात, म्हणून पांढरं दिसतं. गवतातला पिवळा कॅरोटीन गाईच्या दुधात थोडा उतरतो, त्यामुळे गाईचं तूप पिवळसर. म्हैस तो सगळा अ-जीवनसत्त्वात बदलून टाकते, म्हणून तिचं लोणी पांढरं शुभ्र.

कुणीतरी मोठं माणूस इथे हमखास म्हणतं, "धारोष्ण पिऊन बघ, ताकद येते." माझं मत विचाराल तर पिऊ देऊ नका. काढलेलं दूध कितीही ताजं असलं तरी ब्रुसेलोसिस किंवा क्षयाचे जंतू त्यात असू शकतात, आणि जनावर वरून ठणठणीत दिसू शकतं. उकळून प्या, चव जाते ती किती, आणि मिळते ती निश्चिंती किती.

नुकत्याच व्यालेल्या जनावराचं दूध वेगळं. तो चीक, पिवळा आणि दाट. माणसाचं मूल आईच्या पोटातच तिची प्रतिद्रव्यं घेऊन येतं. वासरू जवळजवळ कोरं जन्मतं, कारण गाईच्या वारेतून ती पलीकडे जात नाहीत. ती चिकात असतात. आणि वासराचं आतडं ती अख्खी शोषून घेऊ शकतं ते पहिल्या दिवसापुरतंच, तेही तासागणिक कमी होत जातं. म्हणून व्यायल्यावर पहिल्या काही तासांत वासराच्या पोटात चीक जायलाच हवा. खरवस रवा, पीठ, अंडं काहीही न घालता वाफेवर घट्ट का होतो, याचंही उत्तर हेच: चिकात ही प्रथिनं इतकी ठासून भरलेली असतात की तापवलं की आपोआप थिजतात. आपण गूळ-वेलची घालून जे चवीनं खातो तो वासराच्या रोगप्रतिकाराचा साठा आहे, एवढं खाताना माहीत असलेलं बरं.

आता दुसरं आंबणं. चरवीत पडल्या क्षणापासून ते सुरू होतं. सडावरचे, हवेतले, भांड्यातले जिवाणू लॅक्टोज खायला लागतात, आणि कोकणच्या उकाड्यात न तापवलेलं दूध काही तासांत नासतं. शहरांच्या दुधाचा सगळा इतिहास म्हणजे हे आंबणं पुढे ढकलण्याची धडपड. १९४५ मध्ये आणंदहून पाश्चराइझ केलेलं दूध रेल्वेनं मुंबईला येऊ लागलं. पाश्चराइझ म्हणजे ७२ अंशांवर पंधरा सेकंद, मग झटकन थंड. १९४९ मध्ये गोरेगावला आरे कॉलनी उभी राहू लागली आणि मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी तिकडे हलल्या. १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. मुंबईच्या कितीतरी शाळांची पहिली सहल आरेलाच गेली. तिथले मुख्य माणूस दारा खुरोडी. म्हशीचं दाट दूध, पाणी आणि दुधाची पावडर यांचा मेळ घालून कमी स्निग्धांशाचं, स्वस्त दूध त्यांनी १९४६ मध्ये मुंबईत आणलं. आज पिशवीवर 'टोन्ड' असं छापलेलं असतं ते हे. १९६३ मध्ये त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कुरियन घराघरात पोचले, खुरोडींचं नाव मात्र मुंबईतही आज कुणाला आठवत नाही, जरी त्यांचं दूध रोज दारात येतं.

एका घराण्यानं दुधाचा धंदा कसा वाढवला हे बघायचं तर सांगली जिल्ह्यात भिलवडीला जावं लागेल. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये तिथे, कृष्णेच्या काठी, दुधाचा व्यवसाय सुरू केला. गावात दूध मुबलक, गिऱ्हाईक दूर, आणि गावाजवळून जाणारी रेल्वे. पुढे १९५० मध्ये पुण्यात मिठाईचं दुकान निघालं. बाकरवडीनं नाव केलं असलं तरी घराचा पाया दुधाचा. दूध टिकत नाही म्हणून खवा, चक्का, लोणी, तूप करायचं, ही अक्कल मात्र कोणत्याही चितळ्यांच्या आधीची, प्रत्येक स्वयंपाकघरातली.

चिरनेरच्या ओटीवर ती अजून चालू आहे. दूध उकळायचं, करंगळी सोसेल इतकं कोमट होऊ द्यायचं, चमचाभर विरजण लावायचं. त्या चमच्यातले जिवाणू अर्ध्या-पाऊण तासाला दुप्पट होतात आणि लॅक्टोजचं लॅक्टिक आम्ल करतात. केसिनचे गोळे एरवी एकमेकांना दूर लोटत असतात. आम्ल वाढत गेलं की हे लोटणं संपतं आणि ते हातात हात घालून जाळं विणतात. पाणी त्या जाळ्यात अडकतं. भांडं आडवं केलं तरी दही सांडत नाही, पण त्यात पाणीच ऐंशी टक्क्यांहून जास्त असतं. दूध आधी उकळलं तर दही जास्त घट्ट लागतं, कारण उष्णतेनं दुधातली इतर प्रथिनंही केसिनला चिकटून जाळ्यात सामील होतात.

साठवलेल्या सायीचं विरजण घुसळायला मुलांना दिलं. दोरीची रवी आता फार घरांत दिसत नाही, इथे होती. स्निग्धांशाचा प्रत्येक थेंब एका तलम पापुद्र्यात गुंडाळलेला असतो. घुसळण्यानं पापुद्रे फाटतात आणि आतला ओला-घट्ट स्निग्धांश एकमेकांना चिकटत जातो. बराच वेळ काहीच होत नाही. मुलं कंटाळली, हात बदलले, "लोणी येणारच नाही" असं जाहीर झालं. काकींनी तांब्याभर थंड पाणी ओतलं आणि चार फेऱ्यांत रवीचा आवाज बदलला. लोण्याचे दाणे वर आले. उकाड्यात स्निग्धांश फार मऊ असतो, गोळा होत नाही. थंडीच्या दिवसांत याच कामाला कोमट पाणी लागतं. पुस्तकात यासाठी अंश सेल्सिअसचे आकडे दिलेले असतात. काकी भांड्याला बाहेरून हात लावून ठरवतात.

लोणी कढवताना त्या शेजारच्या बाईशी बोलत होत्या, कढईकडे पाठ. मी दोनदा आठवण केली. त्या म्हणाल्या, "वाजतंय अजून." लोण्यात सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आणि ते आहे तोवर कढई शंभर अंशांच्या फार वर जाऊ शकत नाही; पाणी उडताना तडतडतं. पाणी संपलं की आवाज मंदावतो आणि उष्णता झपाट्यानं चढते. आता तळाची बेरी तांबूस होणार, खमंग वास सुटणार, आणि अर्धं मिनिट उशीर झाला तर करपणार. आवाज पडताच त्या वळल्या आणि गॅस बंद केला. पाणीच नाही म्हटल्यावर जिवाणूंना जगता येत नाही, म्हणून तूप महिनोन् महिने फडताळात राहतं. म्हशीच्या दुधाचं किलोभर तूप करायला पंधरा लिटर दूध लागतं, गाईच्या दुधाचं पंचवीस लिटरच्या आसपास. बेरीत साखर घालून मुलांना दिली. त्या दिवशीच्या सगळ्या विज्ञानापैकी सर्वात मोठं यश तिला मिळालं.

आता त्या गॅसबद्दल, कारण तो सिलेंडरचा नव्हता.

गोठ्यामागे शेणाची टाकी आहे. रूमेनमध्ये जिवाणूंच्या बरोबर आणखी एक जुनी जमात राहते, आर्किया. उरलेला हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन ती मिथेन बनवते. गाय हा मिथेन ढेकर देऊन बाहेर टाकते. मोठ्या गाईचा हिशोब दिवसाला अडीचशे ते पाचशे लिटर. हवामानबदलाच्या चर्चेत गाईचं नाव येतं ते या ढेकरांमुळे. शेणातही मिथेन करणारी ही जमात असतेच. शेण-पाण्याचा काला बंद टाकीत ठेवला, हवा लागू दिली नाही, की तिथे पुन्हा आंबणं सुरू होतं आणि तोच वायू नळीतून चुलीपर्यंत येतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून असा गॅस करून वापरला गेला होता. गोबरगॅस ही काही अलीकडची कल्पना नाही. म्हणजे गवत दोनदा नाही, तीनदा आंबतं. दुसऱ्या आंबण्याचं लोणी तिसऱ्या आंबण्याच्या आचेवर कढतं, आणि दोन्हींचा कच्चा माल पहिल्यानं पुरवलेला असतो. हे ध्यानात आल्यावर एक मुलगा म्हणाला, "म्हणजे तूप शेणावर बनलं?" आणि बेरीची वाटी क्षणभर खाली ठेवली. मग परत उचलली.

जायचं असेल तर श्रावण-भाद्रपदात जा. तेव्हा हिरवा चारा असतो, दूध जास्त असतं आणि चिखलही. मुलांना बूट नकोत, धुता येतील अशा चपला घाला. जनावराच्या मागे उभं राहू नका. म्हैस बाजूलाही लाथ मारते, पण मागे तर खात्रीनं. गोठ्यातून बाहेर पडताना सगळ्यांचे हात साबणानं धुवा, खाण्याआधी पुन्हा. धारेच्या वेळेआधी तासभर पोचा, म्हणजे रवंथ करणारी बसलेली जनावरं मिळतील, आणि आधी विचारून जा, कारण हे कुणाचं तरी रोजचं काम आहे, प्रदर्शन नाही. दूध, तूप विकत घ्या, घासाघीस करू नका. आणि जनावर नुकतंच व्यालेलं दिसलं तरी खरवस मागू नका. वासराचं भागून चीक उरला तर घरची माणसं आपणहून डबा भरून देतात.